कापराच्या दोन वड्या

ती गुरुवारी गेली. सकाळी तिने चहा टाकला, कप मांडले आणि ओट्याला धरून खाली बसली. मी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं. दुपारी आम्ही तिला घरी आणलं. आईने चहाचं पातेलं घासून ठेवलं.

लोक भेटायला येतात ते त्या गुरुवारचंच विचारतात. मी सांगतो, ते मान हलवतात, पाणी पितात आणि जातात. ते गेल्यावर मला वाटतं, आपण यांना दुसरंच काहीतरी सांगायला हवं होतं. माझी बायको जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या संसारात एक उन्हाळा असा आला की त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात सगळ्यांत जास्त हसलो. तो सांगायला बसावं तर बराच वेळ लागतो, आणि भेटायला आलेल्यांना बस गाठायची असते. म्हणून लिहितो आहे. मला लिहायला वेळ लागतो, पण आता वेळ आहे.

आमचं लग्न ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झालं. मी परतूरचा. वडील मी शाळेत असतानाच गेले होते, त्यामुळे मला जालन्याला नोकरी लागली तशी आई माझ्याबरोबर आली. बायको केदारखेड्याची, शेतकऱ्याची मुलगी, औरंगाबादला राहून एम.एस्सी. केलेली. बघायला गेलो तेव्हा माझ्या मामांनी तिला विचारलं, "केमिस्ट्री केमिस्ट्री म्हणतात, त्यात नेमकं काय शिकवतात?"

ती म्हणाली, "कशाचं कशाशी जुळतं आणि कशाशी जुळत नाही, ते."

"मंग पत्रिका तुम्हीच बघून घ्या," मामा म्हणाले.

ती हसली. तोवर मी पोह्यांच्या बशीत बघत बसलो होतो. तेव्हा मान वर केली.

पहिल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आम्ही केदारखेड्याला गेलो. तिच्या माहेरी कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट होता. संध्याकाळी घरच्या बायका ओळीओळीने चालत जायच्या आणि उद्या उमलतील अशा कळ्या शोधायच्या. नखाने कळी सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि राहिलेल्या भागाला कागदाची छोटी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराच्या ओळीतल्या फुलाचा पराग लावायचा. टोपी घालायची राहिली तर एखादी माशी येऊन बसते, तिच्या पायाला कुठल्या शेतातला पराग असेल सांगता येत नाही, आणि ते बोंड बियाण्यातून बाद होतं.

ती लहानपणापासून हे काम केलेली. तिची बोटं बघता बघता कळी सोलून पुढे जायची. मीही एका ओळीला लागलो. तिची काकू मागून आली, माझ्या हातातली कळी बघितली आणि म्हणाली, "जावई, कळी सोलायलात का लसून?" सगळ्या ओळीतून हसू फुटलं. पुढे किती तरी वर्षं त्या घरी मला लसूणवाले जावई म्हणत.

परत येताना बांधावर बसून तिने मला पहिल्यांदा तिच्या मनातलं सांगितलं.

"आमच्याकडं पण हीच अडचण असते," ती म्हणाली. "एखाद्या रेणूला एक अणू जोडायचा असतो. रेणूवर जोडायच्या जागा दोन-तीन असतात. मला हवी ती जागा टोकाला असते. पण आपण औषध ओतलं की अणू टोकालाही लागतो आणि बाजूलाही लागतो. मग हवं ते आणि नको ते असं सगळं एकत्र हाती येतं, आणि निवडत बसा."

"मग?"

"मग टोपी घालायची. रेणूच्या बाजू झाकायच्या, टोक उघडं ठेवायचं."

"रेणूला टोपी कोण शिवणार?"

"मी," ती म्हणाली.

तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला वाटलं, ती एखादा स्वेटर विणायचं म्हणते आहे.

पीएच.डी.साठी तिने विद्यापीठात नाव नोंदवलं, ते याच विषयावर. तिच्या मार्गदर्शकांना आम्ही घरात नुसतं सर म्हणायचो. आठवड्यातून एकदा ती रेल्वेने औरंगाबादला जायची आणि बाकीचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तास संपल्यावर करायची. टोपी हा शब्द हळूहळू मागे पडला आणि वाटी हा शब्द आला, त्याला एका रात्रीचं जेवण कारण झालं. आईने विचारलं होतं, "रोज उशिरापस्तोर तितं काय करून राह्यली तू?"

तिने ताटात एक उकडलेला बटाटा ठेवला आणि त्याच्यावर तिखट भुरभुरलं. बटाटा सगळीकडून लाल झाला. मग दुसरा बटाटा घेतला, आमटीच्या रिकाम्या वाटीत बसवला आणि पुन्हा तिखट टाकलं. बटाटा वाटीतून बाहेर काढून दाखवला. फक्त डोकं लाल झालं होतं.

"हे करून राहिले," ती म्हणाली. "फक्त माझी वाटी डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक आहे."

"वाटी कशाची?"

"साखरेची. म्हणजे आपल्या साखरेसारख्या कड्यांची. मक्याच्या पिठातल्या स्टार्चपासून अशा कड्यांची एक बांगडी तयार होते. ती विकत मिळते. पण बांगडीला तळ नाही, बटाटा घसरतो. मी तिला तळ बसवणार आहे."

आईने बटाट्याकडे बघितलं. "परयोग झाला आसंल तर बटाटा खाऊ का?" तिने विचारलं.

शास्त्रात वाटीला यजमान म्हणतात आणि आत बसणाऱ्या रेणूला पाहुणा, हेही तिने सांगितलं. आई म्हणाली, "मंग पाव्हण्याच्या डोक्यावर तिखट टाकायची कुठली रीत?"

वाटीला तळ बसवायला तिला दोन हिवाळे लागले. ज्या द्रावणात ते काम चालायचं त्याचा वास भयंकर होता. तो तिच्या साडीला यायचा, केसांना यायचा, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्यालाही यायचा. ग्रंथालयात मुलं माझ्या टेबलापासून लांब उभी राहून पुस्तकं मागायची. शेजारच्या वहिनींनी एकदा आईला भिंतीवरून हळूच विचारलं, घरात कुणाचं दुखणं आहे का. आई म्हणाली, "न्हाई, सूनबाई वाटी घडवून राह्यली."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्याची कायम मारामार. उपकरण थंड ठेवायला सतत वाहतं पाणी लागायचं आणि नळ तर दिवसाआड. तिने दोन बादल्या लावल्या, एक टेबलावर, एक खाली. वरची रिकामी झाली की खालची उचलून वर ठेवायची. रविवारी हे काम माझ्याकडे असायचं. मी बादली उचलायचो, पुस्तक वाचायचो, पुन्हा बादली उचलायचो. असे कितीतरी रविवार मी सुखात घालवले. ती तिच्या काचेच्या भांड्यांपाशी आणि मी माझ्या बादल्यांपाशी. दुपारी डबा उघडायचा आणि खिडकीत बसून खायचा.

अखेर एका मार्चमध्ये वाटी तयार झाली. मी बघायला गेलो तर बाटलीच्या तळाला पांढरी पूड होती. पोह्याचे दोन चमचे भरतील एवढी.

"एवढ्यासाठी दोन वर्षं?" मी विचारलं.

"यात किती वाट्या आहेत माहीत आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "जालन्यात प्रत्येकाला एकेक वाटली तरी काही कमी होणार नाही."

त्याच सुमारास सरांनी तिला बोलावून घेतलं. ते चांगले होते, पण विद्यार्थी पुष्कळ आणि काळजी प्रत्येकाची. ते म्हणाले, कल्पना छान आहे, पण कल्पनेवर पदवी मिळत नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंत ही वाटी काही काम करते असं दिसलं तर ठीक. नाहीतर विषय बदला. नेहमीच्या पद्धतीची पंधरा-वीस संयुगं बनवा, त्यांचे वितळणबिंदू लिहा, वर्षभरात मोकळ्या व्हाल.

ती घरी आली आणि चपला न काढता दारातच बसली. "पदवी मिळेल हो," ती म्हणाली. "पण मग माझी वाटी कुणी करणार नाही."

मला त्या वेळी नीट कळलं की तिला काय जपायचं होतं. नावामागची अक्षरं तिला कशीही मिळाली असती. केदारखेड्याच्या बांधावर जे सुचलं ते खरं आहे का, हे तिला बघायचं होतं, आणि त्यासाठी आता एक उन्हाळा उरला होता.

मार्चअखेर कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या. बाहेरगावचे परीक्षक यायचे, कपाटं रिकामी करायची, शंभर हात सगळीकडे लागायचे. तिने वाटीची बाटली घरी आणली. पूड ओलसर राहू नये म्हणून बाटलीच्या तोंडाला झाकणाऐवजी गाळणकागद दोऱ्याने बांधला होता, आणि ती अख्खी बाटली लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या खड्यांवर ठेवली होती. आईच्या हातात बरणी देऊन ती म्हणाली, "आत्याबाई, हे कुठं तरी असं ठेवा की कुणी हात लावायचा नाही."

घरात अशी जागा एकच होती. देव्हाऱ्याखालचा खण. आईने त्यातल्या वाती आणि जुनी पोथी एका बाजूला सारली आणि बरणी आत ठेवली.

"काय हाय म्हनलीस यात?"

"वाटी. तीच, साखरेची."

"बरं," आई म्हणाली आणि खण लावून घेतला.

एप्रिल संपता संपता प्रयोगशाळा मोकळी झाली आणि तिने सुरुवात केली. सकाळी लवकर जायचं, कारण दहानंतर पत्र्याखाली बसवत नसे. बाटलीतून चिमूटभर वाटी काढून न्यायची. ज्या रेणूला झाकायचं तो एका द्रवाचा होता, त्या द्रवाला बडीशेपेसारखा वास होता. ती वाटी आणि तो द्रव पाण्यात एकत्र करायची आणि मग त्यात कपडे पांढरे करायच्या औषधासारखं एक औषध घालायची. त्यातला क्लोरीनचा अणू टोकाला लागला का बाजूला, हे बघायचं यंत्र विद्यापीठात होतं. नमुने ती जेवणाच्या डब्यात नीट बसवून रेल्वेने न्यायची आणि संध्याकाळी कागदाची गुंडाळी घेऊन यायची.

ती गुंडाळी आम्ही जेवणाआधी फरशीवर उलगडायचो. कागदावर शाईची एक रेघ असायची आणि रेघेत दोन टेकड्या. मोठी टेकडी म्हणजे टोकाला लागलेला अणू, लहान म्हणजे बाजूला लागलेला. वाटीने काम केलं तर लहान टेकडी सपाट व्हायला हवी. आईने त्यांची नावं थोरली आणि धाकटी ठेवली. आई कागदाजवळ वाकायची, चष्मा पुढे सरकवायची आणि विचारायची, "धाकटी हाय का गेली?"

"आहे," बायको म्हणायची.

"लई चिवट हाय."

धाकटी जात नव्हती. पहिल्या गुंडाळीत होती, दुसऱ्या गुंडाळीत होती. द्रव कमी केला, औषध सावकाश घातलं, भांडं बर्फात ठेवलं. धाकटी होती तेवढीच. मे महिना अर्धा झाला. एका संध्याकाळी तिने गुंडाळी उलगडलीच नाही, कोपऱ्यात उभी करून ठेवली आणि तांदूळ निवडायला बसली. मी शेजारी बसलो. ताटातले खडे तिला दिसत होते की नाही कुणास ठाऊक, एक मूठ ती पुन्हा पुन्हा निवडत होती.

मग अचानक म्हणाली, "अहो, एक गोष्ट बराबर नाही."

"काय?"

"वाटी नसताना जेवढी धाकटी येते, तेवढीच वाटी घालून येते. अगदी तेवढीच."

"म्हणजे वाटी काम करत नाही."

"तेच तर. पण साधी बांगडी घेतली, बिनतळाची, तरी धाकटी थोडी खाली बसते. ते मी आधी करून बघितलंय. माझी वाटी कितीही वाईट झाली असली तरी ती बांगडीपासूनच केलीय ना? बांगडीएवढं तरी काम तिने करायला पाहिजे. ती काहीच करत नाही. जणू तिथं नाहीच."

ती ताट बाजूला ठेवून उठली. पुढच्या दोन दिवसांत तिच्या चेहऱ्यावरची निराशा गेली होती. तिच्यासमोर आता अपयशाऐवजी एक कोडं होतं, आणि कोडं तिला कधीच जड वाटलं नाही.

रविवारी ती म्हणाली, वाटी मोडली आहे का ते तापवून बघते. मी बादल्यांसाठी निघालो. आई म्हणाली, "मी बी येते. दोन वर्सं झाली ऐकून राह्यले, एकदा बघू तरी दे."

आई कधी कॉलेजात आली नव्हती. ठेवणीतलं लुगडं नेसून आली. प्रयोगशाळेच्या दारात तिने चपला काढल्या. बायको म्हणाली, "आत्याबाई, घाला, खाली काचा असतात," तर म्हणाली, "इतं तुझी वाटी हाय, मी पायतान घालून येऊ का?" शेवटी मी चपला उचलून तिच्या पायापाशी ठेवल्या तेव्हा कुठे घातल्या. स्टुलावर बसली, नळकांड्यांकडे आणि बाटल्यांकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्या बाटल्यांत मिठाची कंची?" बायकोने तीन दाखवल्या. "आन् भाजीत घालायची कंची?" त्या तिन्हींतली एकही नव्हती.

बायकोने परीक्षानळीत चिमूटभर पूड घेतली आणि बर्नरवर धरली. मी बादलीपाशी उभा होतो, पण त्या दिवशी बादलीचं काही काम नव्हतं. पूड तशीच होती. काही वेळाने नळीच्या वरच्या थंड भागात आतून पांढरं काहीतरी जमू लागलं, हिवाळ्यात गवतावर दहिवर जमतं तसं.

"हे काय वर येतंय?" ती स्वतःशीच म्हणाली. "असं नको यायला."

तिने नळी उचलून उजेडात धरली. आणि मी आईकडे बघितलं. आईने डोळे मिटले होते आणि हात जोडले होते.

"आई?" मी म्हणालो.

आईने डोळे उघडले आणि स्वतःचे हात बघून स्वतःच चकित झाली. "आरती कोन करून राह्यलं?" तिने विचारलं.

मग मलाही तो वास आला. बायकोने नळी नाकापाशी नेली. मग माझ्याकडे दिली. वास कापराचा होता. स्वच्छ, देवळातल्यासारखा, शंका घ्यायला जागा नाही असा.

ती हळूच आईसमोरच्या स्टुलावर बसली. "आत्याबाई, बरणीत कापूर गेला का कधी?"

"गेला म्हंजे, मी ठिवलाच की," आई म्हणाली. "दोन वड्या. तूच म्हनली व्हतीस साखरंची हाय म्हनून. चैत्रात मुंग्या कशा लागतात तुला ठाव न्हाई का? सगळी वाटी खाऊन गेल्या असत्या. मंग टाकल्या दोन वड्या खड्यांवर." मग आमच्या दोघांकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "काहून? काई बिघडलं का पोरी?"

बायकोने मान खाली घातली. तिच्या खांद्यांकडे बघून मला वाटलं ती रडते आहे. मी पुढे झालो. ती हसत होती. आवाज फुटत नव्हता इतकी हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एका हाताने तिने आईचा हात धरून ठेवला होता.

"अहो," शेवटी ती म्हणाली, "वाटी भरलेली होती. मी रोज भरलेली वाटी घेऊन येत होते."

तिने आम्हाला समजावून सांगितलं, आणि पहिल्या खेपेला कळलं नाही तेव्हा पुन्हा सांगितलं. कापूर ठेवल्या जागी उडून जातो, हे घरोघरी माहीत असतं. खणातल्या त्या बरणीत दोन वड्या हवेत विरल्या आणि वाटीत जाऊन बसल्या. तिने बरणी उघडली तेव्हा वड्या दिसल्या नाहीत, कारण त्या उरल्याच नव्हत्या. वास आला नाही, कारण कापूर वाटीच्या आत होता आणि वाटीने त्याला घट्ट धरलं होतं. ताव दिला तेव्हा तो बाहेर पडला. आणि कापूर इतका नेमका आत बसला होता की बडीशेपेच्या वासाच्या त्या रेणूला आत शिरायला जागाच राहिली नव्हती. यजमानाच्या घरात आधीच पाहुणा होता.

"म्हंजे मी नासवली," आई म्हणाली.

"नाही हो," बायको म्हणाली. "महिनाभर मला प्रश्न पडलाय की ही खरंच वाटी आहे का नुसती पूड आहे. तिच्यात काही राहतं का. तुमचा कापूर राहिला ना तिच्यात. म्हणजे वाटी आहे."

आईला ते पूर्ण पटलं असं नाही. घरी जाताना रस्त्याने ती दोनदा म्हणाली, "मुंग्या मातर लागल्या न्हाईत."

कापूर काढायला आठवडा गेला. पूड एका द्रवाने पुन्हा पुन्हा धुतली, मग विद्यापीठातल्या पंपावर हवा काढून मंद तापवत ठेवली. परत आणल्यावर बायकोने बाटलीला घट्ट बूच लावलं, आणि आईने त्या खणातून कापराची डबी काढून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली, मीठ-हळदीच्या पलीकडे, जेवढी लांब ठेवता येईल तेवढी लांब.

जून लागायच्या आधीचा तो दिवस असेल. ती संध्याकाळच्या गाडीने आली. मी स्टेशनवर गेलो होतो. गुंडाळी तिच्या काखेत होती. तिने ती आधी उलगडून बघितली असणार, पण घरी जाऊन तिघांनी बघायची असं ठरलेलं असल्यासारखी ती चालत राहिली. फरशीवर कागद पसरला. आई वाकली, चष्मा पुढे सरकवला. रेघ सरळ येत होती, मग थोरली टेकडी उंच चढत गेली, उतरली, आणि पुढे जिथे धाकटी असायची तिथे रेघ किंचित थरथरून सरळ निघून गेली होती.

आईने त्या जागेवरून बोट फिरवलं. मग उठून अंगणात गेली आणि भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनींना मोठ्याने सांगितलं, "अवो, धाकटी गेली बरं का आमची."

वहिनी डोक्यावर पदर घेऊन अनवाणी धावत आल्या. दारात येऊन बघतात तर आम्ही तिघं फरशीवर बसून हसतोय आणि मध्ये कागद पसरलेला. त्यांना सगळं सांगायला चहा करावा लागला. चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात काय चालतं ते एक देवाला माहीत."

सरांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितला, असं ती सांगायची. मग त्यांनी कापराची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, ही आधी लिहा. वाटीत काही बसतं याचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार. प्रबंधात तिने कापरावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, मुद्दाम कापूर भरून, मुद्दाम काढून. सुरुवातीच्या आभाराच्या पानावर सर आले, कॉलेज आलं, मी बादल्यांसह आलो. शेवटची ओळ आईची होती. सासूबाईंनी दिलेल्या दोन वड्यांबद्दल, असं तिने लिहिलं. सर म्हणाले, परीक्षकांना कळणार नाही. ती म्हणाली, विचारतील तर सांगेन. त्यांनी विचारलं, आणि तिने सांगितलं. तोंडी परीक्षेत परीक्षक हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, बंद दाराच्या बाहेर उभा राहून.

त्यानंतर तिने आणखी वाट्या केल्या, काही उथळ, काही खोल. काही जमल्या, काही नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली एमआयडीसीतल्या कंपन्यांत गेल्या, कुणी पुण्याला गेली, कुणी शाळेत शिकवते. दरवर्षी एकदा वर्गात बटाटा आणि वाटी निघायची. तिखट आई डबीत भरून द्यायची, आणि बटाटा परत आला पाहिजे अशी तिची अट असायची. तेराव्याला यातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. त्यांतली एक, आता दोन मुलांची आई, माझ्याशी बोलताना रडता रडता मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, धाकटी गेल्याचं मॅडम किती छान सांगायच्या हो." आणि मग आम्ही दोघं हसलो, तेराव्याच्या मांडवात. कुणीतरी वळून बघितलं. आईने त्यांना हाताने सांगितलं, असू दे.

घरात आता आई आणि मी आहोत. आई संध्याकाळी दिवा लावते. बरणी देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. तिच्यात बाटली आहे आणि बाटलीत थोडी वाटी शिल्लक आहे. कापराची डबी अजून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असते. आईचा हात आता तिथे पोचत नाही, म्हणून आरतीच्या वेळी ती मी काढून देतो.